टिकलीचं ऑपरेशन, ऑनलाइन आलेला सूट आणि तिचं दुखणं

आमच्या टिकली मांजरीचं, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन झालं, त्यातले हे गुण. टाके चाटू नयेत म्हणून अंगात घालायच्या सूटला पाचपैकी दोन. दवाखान्याला साडेचार. त्याच कामासाठी गळ्यात घालायच्या प्लॅस्टिकच्या कोनला एक. आकडे आधीच सांगून टाकते, कारण ऑपरेशन उद्यावर आलेलं असलं की माणसाला सगळं वाचायला धीर नसतो. ज्यांच्या हातात अजून चार-आठ दिवस आहेत त्यांनी मात्र पुढचं सावकाश वाचावं, विशेषतः दुखण्याबद्दलचं.

मी इचलकरंजीत राहते. एकवीस वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. खाली दुकान, वर घर. गेल्या जुलैत दुकानाच्या जिन्याखाली एका भटक्या मांजरीला तीन पिल्लं झाली. दोघांना घरं मिळाली आणि एक तिरंगी पिल्लू आमच्याकडे राहिलं. कपाळावर बरोबर मध्यभागी काळा ठिपका, म्हणून टिकली. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे ऑपरेशन करावं लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातसुद्धा गाभण राहू शकते, तेव्हा "एक वेत होऊ दे, मग बघू" हे मी ऐकून घेतलं नाही. डिसेंबरात ती पाच महिन्यांची झाली, वजन भरलं २.१ किलो, आणि मंगळवारची तारीख ठरली.

याआधी २०१९ मध्ये आमच्या सोनीचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथून घरी येताना अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या, दुखण्यावर काहीच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "मांजरं चिवट असतात, त्यांना फार काही वाटत नाही." सोनी दोन दिवस कपाटामागे तोंड भिंतीकडे करून बसली. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे आराम करते आहे. मांजर दुखत असलं की ओरडत नाही, लपतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सोनी आता नाही. ते दोन दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत, आणि टिकलीच्या वेळी मी जे जे विचारत सुटले ते त्याच दोन दिवसांमुळे.

म्हणून यावेळी दवाखाना निवडताना मी पैसे दुसऱ्यांदा विचारले. पहिला प्रश्न होता, "घरी दुखण्याचं औषध किती दिवसांचं देता?" इथे एका ठिकाणी "गरज पडत नाही" म्हणाले. कोल्हापुरातल्या एका डॉक्टर मॅडम फोनवरच म्हणाल्या, "ताई, ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन, टाक्यांच्या जागी भूल आणि घरी तीन दिवस तोंडावाटे." मी तिथेच ठरवलं. नाव इथे लिहीत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. तुमच्या गावातल्या दवाखान्यात काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे.

मॅडमनी मला ऑपरेशन आधी नीट समजावलं. गर्भाशय आणि अंडाशय काढतात, म्हणजे पोटाची भिंत कापावी लागते, पिल्लू कितीही छोटं असलं तरी. ऑपरेशनआधीच औषध का, तर दुखण्याची वाट एकदा मोकळी झाली की नंतर बंद करायला जास्त औषध लागतं. हे मला पटकन कळलं. शिफॉन कापल्यावर लगेच कड दुमडून घेतली तर ठीक, एकदा धागे सुटायला लागले की मग कितीही टीप मारा.

उपाशी ठेवण्याबद्दलही त्यांचं सांगणं वेगळं होतं. सोनीच्या वेळी आदल्या रात्रीपासून काही द्यायचं नाही असं होतं. मॅडम म्हणाल्या, पाच महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरते. सकाळी सहाला थोडंसं खायला द्या, मग थांबा, आणि पाणी निघेपर्यंत असू दे. आम्ही साडेनऊला पोचलो, अकरानंतर ऑपरेशन झालं.

संध्याकाळी साडेपाचला टिकली माझ्या हातात आली तेव्हा डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, मान डुलत होती. भुलेमुळे मांजराचे डोळे असे उघडे राहतात आणि कोरडे पडू नयेत म्हणून त्यात मलम घातलेलं असतं, हे सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरले नाही. धाकटी लेक मात्र रिक्षात रडली. घरी आल्यावर टिकलीला जमिनीवरच ठेवायचं, पलंगावर नाही, कारण तोल नसतो. दिवा मंद ठेवला. डिसेंबरचा गारठा, आणि ऑपरेशननंतर पिल्लाच्या अंगातली ऊब लवकर जाते, म्हणून गरम पाण्याची बाटली जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्या बाजूला ठेवली. अंगाला चिकटवून नाही, तिला वाटलं तर सरकता येईल अशी. रात्री नऊला चमचाभर उकडलेलं चिकन कुस्करून दिलं, मीठ-मसाला काही न घालता. कांदा-लसूण मांजराला विषच आहे, हेही लक्षात असू द्या. तिने खाल्लं. पहिली रात्र अशी बरी गेली.

आता टाक्यांबद्दल. मी शिवणारी बाई, माझं लक्ष तिथेच जाणार. पोटाच्या मध्यभागी जेमतेम दोन बोटं लांबीची उभी चीर. वरून एकही टाका दिसत नव्हता. मॅडम म्हणाल्या, आत स्नायूंना वेगळे टाके, त्यावर चरबीच्या थराला वेगळे आणि कातडीचा टाका आतल्या आत घेतलेला. साडीच्या फॉलला आपण तुरपाई करतो, वरून धागा दिसू नये म्हणून, तसंच ते काम. तो दोरा आपोआप विरघळतो, काढायला जावं लागत नाही. कडा अगदी एकमेकींना भिडलेल्या, कुठे ओढ नाही की चुणी नाही. इतकं स्वच्छ हाताचं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय, आणि ते पाहून मला धीर आला.

पण टाका कितीही चांगला असला तरी मांजराच्या जिभेपुढे टिकत नाही. तिची जीभ म्हणजे कानस. म्हणून दवाखान्यातून प्लॅस्टिकचा कोन गळ्यात घालून दिला होता, १८० रुपयांचा. टिकली त्यात मागे मागे चालायला लागली. दाराला धडकली, मशीनच्या पायडलला अडकली, वाटीपर्यंत तोंड पोचेना. मोठ्या, शांत मांजराला कदाचित चालत असेल. पाच महिन्यांच्या पिल्लाला, जे आधीच भुलेतून उठतंय, त्याला हे घालून रात्रभर सोडणं मला जमलं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि कोन काढला. तो एक गुण टाके वाचवल्याबद्दल.

सूट मी आधीच मागवून ठेवला होता. ४४९ रुपये, गुलाबी, वर छोटी फुलं. पानावर लिहिलं होतं, मऊ, ताणणारं कापड, कोनला उत्तम पर्याय, मांजर दोन तासांत रुळतं. मापाच्या तक्त्यात फक्त वजन आणि पाठीची लांबी. पहिली शंका मला तिथेच यायला हवी होती. छातीच्या घेराशिवाय अंगाबरोबरचा कपडा कुणी बेततं का?

बुधवारी सकाळी अकराला सूट घातला. टिकली जागेवर आडवी पडली. कुशीवर, पाय सरळ, जशी ठेवली तशी. उचलून उभी केली की पुन्हा आडवी. माझ्या पोटात गोळा आला. आत काही फाटलं का? फार दुखतंय का?

तेव्हा मला मॅडमनी दिलेला कागद आठवला. कॅनडात मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. एकूण दहा. चार किंवा त्याहून जास्त भरले तर औषधाचा विचार करायचा. दुखत नसताना कान पुढे वळलेले असतात, दुखत असलं की बाजूला फाकतात, चपटे होतात. डोळे मिचमिचे होतात. नाकाखालचे गुबगुबीत गोल ताणून लांबट दिसतात. मिशा एरवी सैल, खाली वळलेल्या असतात, त्या सरळ ताठ पुढे येतात. आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली जातं, हनुवटी छातीकडे. हे मांजर जागं आणि स्वस्थ असताना बघायचं. झोपेत, खाताना, अंग चाटताना किंवा ओरडत असताना नाही. घुरघुर ऐकून फसायचं नाही, कारण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

मी जमिनीवर पोटावर पालथी पडून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. कान पुढे. डोळे पूर्ण उघडे, माझ्याकडे बघत. मिशा सैल. एक गुणही देता येईना. म्हणजे ती पडून होती ती दुखण्याने नव्हे, कपड्याने. पुष्कळ मांजरं अंगावर काही घट्ट चढवलं की अशी गोठतात. मला हायसं वाटलं. आणि इथेच माझी चूक झाली. पानावर लिहिल्याप्रमाणे दोन तासांत रुळेल, असं धरून मी सूट तसाच ठेवला आणि खाली दुकानात गेले. लग्नसराई, सहा ब्लाउज द्यायचे होते.

घरी द्यायचं दुखण्याचं औषध होतं मेलॉक्सिकॅम. पहिली मात्रा मंगळवारी दवाखान्यात टोचलेली, पुढची चोवीस तासांनी तोंडावाटे. टिकलीला ०.२ मिली, दिवसातून एकदाच, तीन दिवस, आणि खाल्ल्यावरच. हा आकडा कुणीही आपल्या मांजराला लावू नका. तो तिच्या २.१ किलोंचा आणि त्या बाटलीचा आहे. मांजराच्या बाटलीत एका मिलीत ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, कुत्र्याच्या बाटलीत १.५, म्हणजे तिप्पट. नाव तेच, रंगही साधारण तसाच. मॅडमनी माझ्यासमोर बाटलीवरचा आकडा पेनाने गोल करून दिला. या औषधाने मांजराच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून मात्रा वाढवायची नाही, दिवस वाढवायचे नाहीत, मांजर खात-पीत नसेल किंवा उलटी करत असेल तर द्यायचंच नाही, आधी फोन करायचा. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं.

दुपारी वर आले तर वाटी भरलेली. चारला आले, तीच वाटी. सूटमध्ये टिकली उठली नव्हती, त्यामुळे खाल्लं नव्हतं, त्यामुळे औषध देता येत नव्हतं. मी बोटाने चिकन ओठाला लावलं, तिने तोंड फिरवलं. संध्याकाळी ती सरपटत न्हाणीघरात बादलीमागे गेली. रात्री साडेनऊला मी पुन्हा पालथी पडून बघितलं, तर तो चेहरा सकाळचा नव्हता. कान बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, मिशा ताठ, डोकं खाली. मी मोजले, सहा भरले. सोनीचा चेहरा असाच असेल, मी तिकडे बघितलंच नव्हतं.

माझ्या मते सूट विकणाऱ्यांनी हे छापायला हवं: मांजर या कपड्यात खात नसेल तर तो ताबडतोब काढा. कारण न खाणं म्हणजे नुसती भूक नाही, त्या दिवसाचं औषध चुकणं आहे, आणि पोट कापल्यानंतरचा दुसरा दिवस बिनऔषधाचा जाणं आहे.

शेजारच्या काकू त्या वेळी वर आल्या होत्या. जीव लावणाऱ्या आहेत, टिकलीसाठी रोज दूध बाजूला काढतात. म्हणाल्या, "अगं, तापाची गोळी चिमूटभर दे, आपल्या नातवाला नाही का देत?" मी कागद त्यांच्यासमोर धरला. पॅरासिटामॉल मांजराला कधीही, एक चिमूटसुद्धा द्यायचं नाही. आपल्या यकृतात ते औषध निकामी करून बाहेर टाकायची जी सोय आहे, ती मांजराकडे जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि मांजर मरतं. लहान मुलांचं तापाचं सरबत असो की मोठ्यांची गोळी, फरक नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही आपली दुखण्यावरची औषधंही मांजराला द्यायची नाहीत. काकू घाबरल्या, खुर्चीत बसल्या. त्यांनी विचारलं म्हणून बरं झालं. कितीतरी जण न विचारता देत असतील.

डायक्लोफिनॅकवरून मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, घरी म्हशी होत्या. लहानपणी मेलेलं जनावर ओढ्याकडे टाकलं की आकाशात गिधाडं दिसायची. पुढे ती दिसेनाशी झाली आणि का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक टोचायचे. गुरांना ते सोसायचं, पण ते जनावर मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं आणि गिधाडांना न बाधणारं म्हणून जे औषध पुढे आलं, ते हेच मेलॉक्सिकॅम. एका जिवाला उतारा, दुसऱ्याला विष. काकूंना तापाच्या गोळीचं पटलं ते या गोष्टीने, कारण गिधाडं त्यांनीही पाहिली होती.

तर त्या रात्री. नऊ चाळीसला टिकलीचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर पाच-सात मिनिटांत आलं: सूट काढा, चिकनचं पाणी कोमट करून द्या, खाल्लं तर औषध द्या, नाही खाल्लं किंवा उलटी झाली तर औषध न देता मला फोन करा, कितीही वाजले तरी. मी सूट काढला. टिकलीने सगळं अंग एकदा झटकलं. मग कोमट पाण्याचा वास घेतला, दोनदा चाटलं, थांबली, आणि चिकनचे सात-आठ कण खाल्ले. मी जमिनीवर बसून ते कण मोजत होते. दहा वाजून वीस मिनिटांनी औषध दिलं, सुई नसलेल्या बारीक सिरिंजने, गालाच्या बाजूने, डोकं मागे न करता. डोकं मागे केलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता ती सूटशिवाय होती आणि चाटायला बघत होती. झोपणं शक्यच नव्हतं. मी तिला मांडीजवळ घेतलं आणि तो ४४९ रुपयांचा सूट उसवायला बसले.

आत काय निघालं ते सांगते. पोटाखालून, बरोबर मध्यभागातून, इंटरलॉकची जाड शिवण गेलेली. म्हणजे नेमकी टाक्यांच्या रेषेवर खडबडीत दोऱ्यांची वळकटी घासणार. ऑपरेशनचा कपडा म्हणून विकताना हे कसं चालतं? कापड एकाच बाजूने ताणतं, आणि बेतलंय उलटं, म्हणजे लांबीत ताणतं, घेरात नाही. मांजर बसताना घेर वाढतो, तिथे काचणार. पुढच्या पायांचे मुंढे इतके वर कापलेले की पाऊल उचललं की काखेत खुपतं. चालणार कशी ती? पाठीवरचं वेल्क्रो रुंद आणि कडक, केस त्यात अडकलेले मला दिसले. मागची बाजू शेपटीखाली एवढी आली होती की लघवीला बसली असती तर भिजलीच असती. दोन गुण आहेत ते कापडाच्या मऊपणाला एक आणि रंग न गेल्याबद्दल एक. रंगाचं लिहिलं कारण टाक्यांवर कच्चा रंग उतरणं वाईट.

धाकटीची जुनी काळी लेगिंग काढली. होजिअरीचं कापड, चारी बाजूंनी ताणणारं, दहा-बारा धुण्यांनी मऊ पडलेलं. पायाचा भाग मांडीपासून गुडघ्यापर्यंत कापला, तो अख्खा नळकांड्यासारखा असतो. त्याची शिवण पोटाखाली न ठेवता पाठीवर घेतली आणि उलटी, म्हणजे वळकटी बाहेरच्या अंगाला. मापं चार घेतली: मानेचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा घेर, मागच्या पायांपुढे पोटाचा घेर, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतचं अंतर. टिकलीची अनुक्रमे वीस, एकोणतीस, एकतीस आणि पंधरा सेंटीमीटर. घेरात करंगळी सहज फिरेल एवढी माया, म्हणजे जास्तीची जागा. मुंढे गोल न कापता लांबट कापले, पाऊल पुढे जायला जागा हवी म्हणून. मागे शेपटीच्या बाजूला खोल गळा दिला आणि दोन बारीक नाड्या, मागच्या पायांना वळसा घालून पाठीवर बांधायच्या. बटण नाही, वेल्क्रो नाही, इलॅस्टिक तर अजिबात नाही. मशीनचा आवाज रात्री तिला नको म्हणून सगळं हातानेच शिवलं. कच्चे टाके, पण टिकले.

पावणेदोन वाजता शिवण संपली तेव्हा टिकली माझ्याजवळ नव्हती. वळून बघितलं तर कापडाच्या कतरणांच्या टोपलीत, तिच्या नेहमीच्या जागी, पाय पोटाखाली न दाबता कुशीवर निजली होती. चेहरा मोकळा. मिशा खाली. मी तिथेच बसून घटकाभर रडले.

सकाळी नवा सूट घातला. दहा मिनिटं ती खांबासारखी उभी राहिली, मग दोन पावलं टाकली, मग वाटीकडे गेली. मला एवढंच हवं होतं.

पुढचे दिवस भराभर सांगते, कारण ते चांगले गेले. गुरुवारी आणि शुक्रवारी औषध वेळेवर झालं, चेहऱ्याचे गुण एकच्या वर गेले नाहीत. शनिवारी औषध नव्हतं तरी शून्य. रोज सकाळी उजेडात सूट वर करून जखम बघायची: किंचित सूज चालते, लाली पसरत गेली, पाणी किंवा पू आला, वास आला तर दवाखाना. जखमेला काही लावायचं नाही. सासूबाईंना हळद लावायची होती. मी त्यांना सांगितलं की जे लावू ते ती चाटणार, आणि चाटायला लागली की टाके गेले. डेटॉल आणि फिनेलचं तर नावही नको. ती मांजराला विषारी आहेत, फरशी पुसायलासुद्धा मी त्या आठवड्यात साधं पाणीच वापरलं. मातीची वाळू जखमेला चिकटते म्हणून ट्रेमध्ये फाडलेले वर्तमानपत्र.

खरी कसोटी चौथ्या दिवसानंतर होती. दुखणं गेलं आणि पिल्लू उड्या मारायला निघालं. बरं वाटतंय म्हणजे आतले टाके जुळलेत असं नसतं, त्यांना दहा-चौदा दिवस लागतात. माझ्या दुकानात कापडाचे तागे छतापर्यंत, तिची रोजची चढण तीच. शेवटी धाकटीच्या खोलीतला पलंग उभा करून ठेवला, खुर्च्या बाहेर काढल्या, आणि जमिनीवर गादी टाकून धाकटी दहा दिवस तिच्याबरोबर झोपली. अकरावीची परीक्षा चालू होती. तिने एकदाही कुरकुर केली नाही.

दवाखान्याचा अर्धा गुण का कापला? दोन कारणं. बसायला एकच खोली, कुत्री-मांजरं शेजारी शेजारी. टिकली पिंजऱ्यात थरथरत होती आणि समोर एक मोठा लॅब्राडोर भुंकत होता. भूल द्यायच्या आधीचा हा एक तास तिला टाळता आला असता. पिंजऱ्यावर टाकायला एक चादर दिली असती तरी चाललं असतं. आता मी स्वतःची नेते. दुसरं, चेहऱ्याचा आणि औषधाचा कागद पूर्ण इंग्रजीत. मला मॅडमनी तोंडी समजावलं, पण माझ्यामागे रांगेत हातकणंगल्याकडचे एक आजोबा होते, मांजर पिशवीत घेऊन आलेले. त्यांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. तो घरी कोण वाचणार?

मी धाकटीकडून तो मराठीत लिहून घेतला. मोठ्या अक्षरात, कान, डोळे, मिशांची चित्रं तिनेच काढली. बाराव्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा मॅडमना दिला. त्यांनी टिकलीचं पोट बोटांनी चाचपलं, रेषेवरून दोनदा हात फिरवला, "छान जुळलंय" म्हणाल्या. मग काळा सूट उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, असे अजून शिवाल का. तीन मापांत दोन-दोन शिवून दिलेत, पैसे घेतले नाहीत. कापड जुन्या लेगिंगचंच आहे. मराठी कागदाच्या प्रती तिथे काउंटरवर आहेत.

टिकलीची आई अजून जिन्याखालीच असते. तिला पुढच्या महिन्यात न्यायचं ठरलंय, काकू बरोबर येणार आहेत. ती हाताने भरवलेलं खाते, पण अंगाला हात लावू देत नाही, त्यामुळे माप घेता आलेलं नाही. अंदाजाने चार बोटं जास्त धरून एक सूट बेतून ठेवलाय.